बाईंची सावड

बाईंच्या क्लासमधले सगळे माऊस एका स्टीलच्या डब्यात असत. पोळ्यांचा डबा होता तो, उंच आणि कडीचा. क्लासला येणाऱ्याने आत आल्या आल्या आपल्या कॉम्प्युटरचा माऊस उपसून त्या डब्यात टाकायचा आणि मगच खुर्चीत बसायचं. डबा बाईंच्या टेबलाखाली, त्यांच्या पायांपाशी असायचा. कुणी अगदीच अडलं आणि काकुळतीला येऊन म्हणालं, "बाई, एकदाच द्या ना," की बाई पायानेच डबा आणखी आत सरकवायच्या आणि म्हणायच्या, "ते सोड. बोटांनी चाल."

बोटांनी कसं चालतात हे मला बरेच दिवस कळलं नाही. बाईंची निम्मी वाक्यं अशीच असत. ती ऐकून आपण मान हलवायची आणि घरी जाताना मोटारसायकलवर विचार करत बसायचं.

क्लास केडगाव स्टेशनबाहेर एका खताच्या दुकानाच्या वर होता. लोखंडी जिना चढून गेलं की खोली, आणि खोलीत खालच्या खताचा वास. तिथे बाई प्रोग्रामिंग शिकवायच्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, अंगावर साधी सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नकार्यालाही त्या तेच बूट घालून जात. मोपेडवरून यायच्या आणि डोक्यावरचं हेल्मेट काढायला विसरायच्या. एकदा पूर्ण तासभर त्यांनी हेल्मेट घालूनच शिकवलं, आणि आम्ही कुणी काही बोललो नाही, कारण यामागेही काही धडा असेल अशी आम्हाला शंका होती.

क्लास काढण्याआधी त्या पाटसच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटरवर होत्या. ती कायमची नोकरी त्यांनी का सोडली, याबद्दल तीन मतं होती. कुणी म्हणे साहेबाशी भांडण झालं. कुणी म्हणे डोळे अधू झाले. कुणी म्हणे भावाने जमिनीचा हिस्सा दिला. मी तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी त्यांना विचारून पाहिल्या आणि तिन्ही वेळा त्या "व्हय" म्हणाल्या.

मी तिथे कसा पोचलो ते सांगायला हवं. मी तेव्हा तिशीला टेकलो होतो. रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार होतो, लाइनवर उभं राहून वॉशिंग मशीनच्या दारांना बिजागऱ्या बसवायचो. कंत्राट संपलं आणि मी घरी आलो. आमचा दादा त्याच ठेकेदाराकडे सुपरवायझर. त्याने शब्द टाकून माझी जागा पाडव्यापर्यंत धरून ठेवली आणि मला सांगितलं, "पाडव्यापतुर काय ते कॉम्प्युटरचं बघ. न्हाई जमलं तर गुमान लायनीवर उभा ऱ्हा." दादाचं काही चुकत नव्हतं. पण मला त्या लाइनची भीती बसली होती. दार पुढे यायचं, बिजागरी बसायची, दार पुढे जायचं, आणि संध्याकाळी बसमध्ये बसलो की आज आपण काय केलं हे आठवायचंच नाही. कुणीतरी सांगितलं की कोड लिहिणाऱ्यांना बसून काम असतं आणि केलेलं दिसतं. एवढ्यावर मी आमच्या न्हावरे गावाहून पारगावच्या पुलावरून, उसाच्या ट्रॉल्या चुकवत, रोज केडगावला यायला लागलो.

पहिल्या दिवशी बाईंनी कोड एडिटर उघडून दिला आणि त्या निघून गेल्या. मला वाटलं होतं, कोड लिहायचा म्हणजे वहीसारखं एखादं कोरं पान येईल. पण समोर काळा पडदा. डावीकडे उभी चित्रं, त्यांचा अर्थ लागेना. खाली एक निळी पट्टी, तिच्यावर आकडे. कोपऱ्यात एक चौकट आली आणि काहीतरी घेऊ का म्हणून विचारायला लागली. मी घाबरून नको म्हटलं, तर दुसरी आली. मी एक कंस टाइप केला, तर शेजारी दुसरा कंस आपोआप उमटला. तो मी लिहिला नव्हता, म्हणून मी माझा पुसला, तर दोन्ही गेले. फाइलीच्या नावाशेजारी एक पांढरा ठिपका आला. शब्दांखाली लाल नागमोडी रेघ आली. उजव्या कडेला काहीतरी बारीक बारीक धूळ दिसत होती, ती मी रुमालाने पुसली. जाईना. थुंकी लावून पुसली, तरी जाईना.

"काय करतोस रं?" बाई मागे उभ्या होत्या.

"धूळ हाय बाई."

बाईंनी वाकून पाहिलं. "धूळ न्हाई ती. तूच हायस. तू जे लिवलंस ते लांबून असं दिसतं."

आता मी जे लिहिलं ते समोर दिसत असताना एडिटर ते लांबून कशाला दाखवतो, हे मला उमगेना. पण रुमाल खिशात घातला.

मग बाईंनी माझ्या खांद्यावरून हात घालून पटापट काही बटणं दाबली. डावीकडची चित्रं गेली, निळी पट्टी गेली, अक्षरं कपाळाएवढी मोठी झाली आणि पडद्यावर माझा अर्धा शब्द उरला.

"हुडक," बाई म्हणाल्या, आणि आपल्या टेबलापाशी जाऊन शेंगा सोलत बसल्या.

पहिला आठवडा बाई कुणालाही प्रोग्राम लिहू देत नसत. फक्त हुडकायचं. त्या सगळं लपवून जायच्या, आपण ते परत आणायचं, आणि आणलं की त्या पुन्हा लपवायच्या. त्यांचं म्हणणं असं, की नवी सून घरात येते तेव्हा मीठ कुठं आणि डाळ कुठं हे तिला कुणी लिहून देत नाही. ती डबे उघडते आणि महिन्याभरात तिचा हात आपोआप मिठावर जातो. मी म्हणालो, "बाई, पण सुनेला माऊस असता तर?" त्यावर त्यांनी मला संपूर्ण एडिटर पांढराफेक करून दिला आणि पुन्हा हुडकायला लावलं.

त्या दिवशी दुपार उलटल्यावर त्या विचारायला आल्या, "घावलं का?"

"हुडकत होतो ते न्हाई घावलं बाई. पण दुसरंच कायतरी गेलं."

"मग आता दोन हुडक."

घरी आबांनी विचारलं, "काय शिकीवतीत रं तिथं?" आमचे आबा पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे, आता थोडी शेती करतात. मी म्हणालो, "सध्या हुडकायला शिकवतात." आबांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "हुडकायला फी भरलीस व्हय? मला इचारायचं की."

पण खरं सांगतो, या गोंधळातूनच काही तरी बसत गेलं. एकदा माझी फाइल समोर उघडी होती आणि खाली टर्मिनल, म्हणजे जिथे हुकूम द्यायचा ती काळी पट्टी, म्हणत होतं की अशी फाइलच नाही. मी डोकं धरून बसलो. दिसतेय ती फाइल नाही म्हणजे काय? बाई आल्या. "तू नुसती फाइल उघडलीस, घर कुठं उघडलंस? आधी फोल्डर उघडायचं, मग त्यातली फाइल. आत्ता तुझा माणूस बसलाय राहू गावात आन् तू पाटसात उभा राहून हाका मारतोयस. त्याला कसं ऐकू जाणार?" ही गोष्ट मात्र मला लगेच कळली. पुढेही जिथे जिथे अडलो, तिथे निम्म्या वेळा मी भलत्याच गावात हाका मारत असायचो.

एडिटरशी बाईंचं वागणं घरातल्या माणसाशी असावं तसं होतं. आपण दोन अक्षरं लिहिली की तो पुढचा शब्द सुचवायला लागतो. हे बाईंना अजिबात खपत नसे. त्या पट्टीने पडद्यावर टकटक करत म्हणायच्या, "मधी बोलू नगंस. लिवणाऱ्याला आधी बोलू दे." आणि एका सकाळी रात्रीतून अपडेट होऊन काही चित्रं इकडची तिकडे झाली, तेव्हा बाई येऊन बसल्या, पडद्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांनी क्लासला सुट्टी दिली. "घरात कुणी तरी शिरून भांडी हलवलीत," म्हणाल्या. आम्ही घरी न जाता जिन्यावर बसलो. आतून दिवसभर त्यांचा आवाज येत होता: "हितं व्हतं की गं! आत्ता काल हितं व्हतं!" आम्हाला हुडकायला लावणारी बाई स्वतः हुडकतेय याचा आम्हाला आधी आनंद झाला, मग वाईट वाटलं.

आम्ही म्हणजे मुख्यतः तिघं. राहूची एक ताई होती, घरातलं सगळं आवरून यायची. पाटसचा एक जण स्वतःचा ट्रॅक्टर कारखान्यावर लावून यायचा, त्याच्या अंगाला कायम उसाचा गोडसर वास. आणि मी. आणि आम्ही शिकलो ते सावडीने.

आमच्याकडे सावड म्हणजे काय, तर आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात कांदा लावायचा आणि उद्या तुम्ही सगळ्यांनी माझ्या रानात यायचं. मजुरी नाही. केलेला दिवस दिवसाने फेडायचा. बाईंनी हीच पद्धत कॉम्प्युटरला लावली. आज सगळ्यांनी ताईच्या मशीनवर. एकाने खुर्चीत बसून फक्त टाइप करायचं, डोकं चालवायचं नाही. मागे उभ्या असलेल्यांनी सांगायचं, हात लावायचा नाही. थोडं झालं की बाई म्हणायच्या, "सरक," आणि बसलेला उठायचा, उभा असलेला बसायचा. कुणी अडलं की शेजारच्याने "सरका" म्हणून त्याच्या खुर्चीत बसायचं, काम जरा पुढे ढकलायचं आणि उठायचं. यात लाज नाही आणि उपकारही नाहीत, कारण उद्या तो तुमच्या खुर्चीत येणारच असतो.

एकट्याने बसायला मात्र बाईंची सक्त मनाई. पावसापाण्याने एखाद्या दिवशी एकच जण आला, तर त्या जिन्यातून खाली ओरडून खताच्या दुकानदाराला वर बोलावायच्या आणि त्याच्या मागे उभं करायच्या. दुकानदार बिचारा हाताची घडी घालून उभा राहायचा आणि दर ओळीला "हां, हां, बराबर हाय" म्हणायचा. त्याला काहीही कळत नसे, पण तो मागे असला की काम व्हायचं एवढं खरं.

आम्हाला येऊ लागलं. खरंच येऊ लागलं. भरलेल्या ट्रॉलीचं वजन घ्यायचं, रिकामीचं वजा करायचं, आणि कुणाचा ऊस किती ते सांगायचं, असा बाईंचा एक आवडता प्रोग्राम होता. तो आम्ही तिघांनी मिळून सरक-सरक करत इतक्या वेळा लिहिला की ट्रॅक्टरवाला म्हणाला, आता काट्यावर आपल्याला कुणी फसवणार न्हाई.

पाडवा महिन्यावर आला तेव्हा हडपसरच्या बाजूला एका छोट्या कंपनीत शिकाऊ माणसं घेणार असल्याचं मला फोनवर दिसलं. परीक्षा होती. मी दौंड-पुणे गाडीने गेलो. एका मोठ्या खोलीत आम्ही सहा-सात जण, प्रत्येकासमोर मशीन, आणि एडिटर ओळखीचा. काळा पडदा, डावीकडे चित्रं. मला तर गावचं कुणी भेटल्यासारखं झालं. प्रश्नही सोपा होता. मी फोल्डर उघडलं, फाइल केली, पहिली ओळ लिहिली आणि थांबलो.

शेजारी एक मुलगी होती, शहरातली, चष्म्याची. तिचं टर्मिनल तिला पुन्हा पुन्हा सांगत होतं की अशी फाइलच नाही. तिने नुसती फाइल उघडली होती. ती ओठ चावत होती, आणि आता रडेल अशी मला भीती वाटली.

मी उठलो. तिच्यापाशी जाऊन म्हणालो, "सरका."

ती गोंधळून उठली. मी तिच्या खुर्चीत बसलो, फोल्डर उघडलं, हुकूम दिला, प्रोग्राम चालला. पुढच्या दोन ओळीही मला सुचल्या, त्या लिहिल्या. ती कुठे जावं ते न कळून माझ्या खुर्चीत जाऊन बसली. माझ्या दृष्टीने सगळं रीतसर चाललं होतं.

"हे काय चाललंय?" परीक्षा घेणारे दाढीवाले साहेब समोर उभे होते.

"काही नाही साहेब. यांचं घर उघडलेलं नव्हतं."

"घर?"

"फोल्डर. आता चाललं त्यांचं. सावड केली."

"काय केली?"

"सावड, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे, मग तिच्याकडे, मग दोन्ही खुर्च्यांकडे पाहिलं. "ही परीक्षा आहे," ते म्हणाले. "मग तुम्ही त्यांच्या खुर्चीत का?"

मी प्रामाणिकपणे विचार केला, पण मला त्यांचा प्रश्नच कळेना. खुर्चीत बसल्याशिवाय मदत कशी करणार? मी म्हणालो, "या आता माझं करतील की." त्यावर खोलीतले दोघं हसले. मुलीचा काही दोष नाही, तिने बोलावलं नव्हतं, एवढं मी सांगितलं, आणि ते साहेबांनी मानलं. मला बाहेर जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सगळं सांगितलं. त्या नुकत्याच आल्या होत्या, हेल्मेट डोक्यावरच होतं.

"तिचं चाललं का?" त्यांनी विचारलं.

"चाललं."

"मग असं तोंड का केलंस?"

"बाई, मला हाकललं! पाडवा आलाय. मी परत लायनीवर जाणार आता."

बाई शेंगा सोलायला बसल्या, एकही न खाता पुष्कळ सोलल्या, आणि म्हणाल्या, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. मी येते."

मी नको नको म्हणत होतो. पण बाई निघाल्या म्हणजे निघाल्या. त्या कंपनीच्या गुळगुळीत फरशीवर त्यांचे पांढरे बूट कुईकुई वाजत होते आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. दाढीवाले साहेब बाहेर आले. बाईंनी त्यांना नमस्कार केला आणि सरळ विषयाला हात घातला.

"ह्यानं चोरी केली, असं तुमचं म्हणणं हाय का?"

"नाही हो, चोरी नाही. पण नियम असतो ना, बाई."

"चोर आपलं भरून घेतो. ह्यानं आपलं सोडून दुसरीचं भरलं. मी शिकवलंय त्याला तसं. चुकलं आसंल तर माझं चुकलं. पण येतंय त्याला. तुम्ही बघाच."

साहेब भला माणूस होता. त्याने हसून मान हलवली. "ठीक आहे. आत्ता बसू दे. एकटा. मध्ये कुणी नाही." आणि मला एका काचेच्या खोलीत नेऊन बसवलं. बाई बाहेरच्या बाकावर, काचेतून समोर दिसत होत्या.

एडिटर उघडला. फोल्डर उघडलं, फाइल केली, पहिली ओळ लिहिली. आणि थांबलो. मी वाट बघत होतो. कशाची वाट बघतोय ते जरा वेळाने कळलं. मागून कुणी तरी पुढची ओळ सांगेल याची. मागे भिंत होती. मी डोळे मिटून, आपण मागे उभे आहोत असं समजून पाहिलं, तर ओळ सुचली, पण डोळे उघडून टाइप करायला गेलो की निसटली. सांगायला यायचं मला. टाइप करायलाही यायचं. दोन्ही एकट्याने कधी केलंच नव्हतं. आणि मग मनात आलं, की कालपरवा मी त्या मुलीच्या मदतीला गेलो तो तिचं अडलं म्हणून, की माझं पहिल्या ओळीनंतर काही सुचत नव्हतं म्हणून? हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

काचेतून बाई बघत होत्या. त्यांना कळलं होतं. मी बघितलं, त्या अर्धवट उठल्या. परत बसल्या. मग दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसल्या, आणि माझी वेळ संपेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

साहेबांनी माझी एक ओळ पाहिली. "तयारी करा आणि पुन्हा या," म्हणाले. बोलले ते मनापासून, टाळायला म्हणून नव्हे.

परतीच्या गाडीत बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला त्यांचा राग आला होता. इतके महिने डबे उघडायला लावले, सरक सरक केलं, आणि जे लागणार होतं तेच शिकवलं नाही! यवत गेल्यावर त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"कारखान्यात मला अशीच काचेची खोली दिली व्हती. एसी व्हता. कॉम्प्युटरला गरम व्हायला नगं म्हणून. भाईर गाड्यांची रांग लागायची, बैलं, माणसं, च्यावाला. समदं दिसायचं. आवाज म्हणशील तर कुणाचा आत येत न्हवता. एका सीझनला माझ्या ध्यानात आलं, आज सकाळधरनं मी कुणाशी बोललेच न्हाई. मग दुसऱ्या दिशी बी न्हाई. तिसऱ्या दिशी घरी आले तर बोलायला तोंडच उघडंना. राजीनामा दिला. क्लास काढला तवा ठरवलं, हितं कुणाला एकटं बसू द्यायचं न्हाई. ते मला नगं व्हतं, म्हणून तुम्हालाबी शिकवायचं ऱ्हायलं. तुझं न्हाई चुकलं रं. माझं चुकलं."

नोकरी का सोडली याचं चौथं कारण मला असं मिळालं, आणि हे मी विचारलेलं नव्हतं. माझा राग गेला नाही. पण या बाईचा हात हातात घ्यावा असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं कुणास ठाऊक. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्या प्यायल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी मला सकाळी लवकर बोलावलं. मला आत बसवलं, दार उघडंच ठेवलं, आणि स्वतः बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून बसल्या. राहूची ताई वर यायला लागली तर तिला अडवलं.

"बाई, मी नुसती मागं उभी राहते. बोलत न्हाई."

"न्हाई."

"मग खालच्या दुकानवाल्या मामास्नी तरी उभं करा."

"कुणीबी न्हाई. खाली बस. मी बी हितंच हाय."

मी आत बसून पडद्याकडे बघायचो. पहिले काही दिवस काहीही झालं नाही. एक ओळ, आणि भिंत. मग मी मोठ्याने बोलायला लागलो. मीच सांगायचो, मीच टाइप करायचो, मीच म्हणायचो "सरक" आणि खुर्चीत जरा इकडचा तिकडे व्हायचो. रस्त्यावरून कुणी बघितलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं. बाई पायरीवर बसून ऐकत असणार, कारण मी भलतंच बोललो की त्यांची मान ताठ व्हायची. पण त्या वळल्या नाहीत. बाईंना ते किती जड गेलं असेल, याचा विचार मला तेव्हा सुचला नाही, नंतर पुष्कळदा सुचला.

पाडव्याच्या आधी दादाचा फोन आला. "ठेकेदार इचारतोय. काय सांगू?"

माझ्यासमोर पडद्यावर सहा ओळी होत्या आणि सातवीखाली लाल नागमोडी रेघ होती. हातात काहीही नव्हतं. मला काय झालं माहीत नाही, मी म्हणालो, "दुसऱ्या कुणाला द्या जागा."

दादा म्हणाला, "आबास्नी तू सांग," आणि फोन ठेवला. मी इतका घाबरलो होतो की फोन खिशात ठेवायच्या ऐवजी पोळ्यांच्या डब्यात टाकला.

ट्रॉलीचा प्रोग्राम मी एकट्याने पुरा केला तो पाडवा होऊन गेल्यावर. चालवला, बरोबर आकडा आला. मी ओरडलो, "बाई, चाललं! बघायला या."

"मी न्हाई येत. तुझं तू बघ," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. शेंगा सोलणारा त्यांचा हात मात्र थांबला होता.

तिसऱ्यांदा हडपसरला जाताना मी त्यांना चला म्हणालो. त्या म्हणाल्या, "मी आले तर तू काचेतनं माझ्याकडंच बघत बसशील." मी एकटा गेलो. ती चष्म्याची मुलगी तिथे नोकरीला लागली होती. मला बघून हसली, पण खुर्ची घट्ट धरून बसली. साहेबांनी त्याच काचेच्या खोलीत बसवलं. मी ओठातल्या ओठात स्वतःला सांगत गेलो आणि लिहीत गेलो. कितीदा तरी अडलो, भलत्या गावातून दोनदा हाका मारल्या, पण शेवटी ते चाललं. साहेबांनी शेजारी बसून सगळं वाचलं, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, एक तारखेपासून या.

हडपसर स्टेशनवर येऊन मी आधी बाईंना फोन लावला. मागे क्लासचा आवाज होता, ताई कुणाला तरी काहीतरी सांगत होती.

"बाई, घेतलं त्यांनी. एक तारखेपासून."

बाई फोन घेऊन जिन्यात आल्या असाव्यात, मागचा आवाज कमी झाला.

"एकटाच बसला व्हतास?" त्यांनी विचारलं.

"एकटाच."

"करमलं का?"

मी त्या खोलीत बसलो होतो तसा मला क्षणभर पुन्हा दिसलो. काचेपलीकडे माणसं चालत होती, हसत होती, आणि आवाज येत नव्हता.

"न्हाई, बाई."

"मग बरं," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.